औषधाच्या कंपनीतला प्रीतम

आंबेखोलात सगळेच पायात वहाणा घालतात. कुत्र्याने पळवल्या तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात, आणि लग्नात हरवल्या तर दुसऱ्याच्या घालून घरी येतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण वहाण घालणं वेगळं आणि वहाण करणं वेगळं, असं या गावात कुणीतरी कधीतरी ठरवून ठेवलंय. कुणी ठरवलं ते कुणाला सांगता येत नाही. हरिश्चंद्र परबालाही सांगता आलं नसतं. तरी तो ते जन्मभर पाळत आला, आणि त्याचा भुर्दंड त्याच्या मुलाने, प्रीतमने भरला.

वैभववाडीहून घाटाच्या बाजूला वळलं की आंबेखोल लागतं. थोडं भात, थोडे काजू, उरलेला सगळा कातळ. प्रीतम लहान असताना बाजाराच्या दिवशी बापाबरोबर वैभववाडीला जायचा. बाप काजूच्या बिया घेऊन व्यापाऱ्याच्या दारात उभा राहिला की पोरगा गायब. सापडायचा तो धोंडूच्या पुढ्यात. धोंडू आंबेखोलच्याच चर्मकारवाडीतला. पिंपळाखाली गोणपाट टाकून चपला शिवायचा. प्रीतम उकिडवा बसून बघत राही. तुटलेला अंगठा बसला, झिजल्या टाचेला तुकडा लागला, की पोराचा चेहरा असा खुले की चप्पल याच्याच बापाची असावी. मग खरा बाप येऊन कानाला धरून उठवी.

"ह्या आपला काम न्हय. बघूक तरी कित्याक होया?"

"बघूक पैशे पडतत काय?" प्रीतम विचारी आणि आणखी एक रट्टा खाई.

बारावीला गुण असे पडले की कुठल्या कॉलेजने आग्रह करू नये. त्याच सुमारास वैभववाडी स्टेशनच्या भिंतीवर त्याला एक जाहिरात दिसली. पादत्राणे तयार करण्याचं वर्षाचं प्रशिक्षण, मुंबईत, राहणं-जेवण फुकट, पुढे नोकरीची सोय. गाडी येऊन गेली तरी तो तिथेच उभा होता. घरी त्याने सांगितलं की मशीनचा कोर्स आहे. आई यशोदा खूश झाली. हरिश्चंद्राने मात्र खोदून खोदून विचारलं, आणि मशीन कसलं ते बाहेर आलं.

"चांभारकाम शिकूक मुंबैक जातलंस?"

"कारखानो आसा, बाबा. सगळ्या जातींचे लोक आसत थंय."

"आसतीत. तेंच्या गावात तेंका कोण इचारता? माका हय पारावर बसूक लागता."

निकाल शेवटी यशोदाने लावला. "हय रवान काय करतलो तो? माकडां हाकवतलो काजूवरची?" हरिश्चंद्राने मग एकच अट घातली. गावात सांगायचं नाही. प्रीतमने मान डोलावली. त्या वयात अशा अटी फार हलक्या वाटतात.

मुंबईतलं ते वर्ष आपल्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं वर्ष, असं तो पुढे म्हणायचा, आणि ते खरंच होतं. चामडं दोन्ही हातांनी ताणून त्याची ओढ कुठल्या बाजूला आहे ते ओळखायचं. मग तुकडे कापायचे, कडा तासून पातळ करायच्या, शिवून बुटाचा वरचा भाग उभा करायचा. तो भाग फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या ठोकळ्यावर, ओढून बसवायचा आणि खाली तळ चिकटवायचा. प्रीतमचा हात या सगळ्यात असा चाले की बाकीची मुलं आपले तुकडे त्याच्याकडे सरकवत. शिकवणारे मास्तर फाटक्या तोंडाचे होते. बूट झाला की तो दुसऱ्याच्या पायात चढवायला लावत आणि टाचेमागे स्वतः बोट घालून बघत.

"एक बोट गेलं पाहिजे. दोन गेली तर बूट निसटेल, एकही गेलं नाही तर चावेल. आणि घालणाऱ्याला विचारायचं, रे. माणूस भिडेखातर छान म्हणेल, पण त्याचा पाय खोटं बोलत नाही."

कोर्स संपताना प्रत्येकाने आपल्या कुणासाठी तरी एक जोड करायचा असे. प्रीतमने बापाचा केला. माप कसं घ्यायचं ते आईला फोनवर समजावलं, आणि हरिश्चंद्र दुपारचा कलंडला असताना यशोदाने सुतळीने त्याचा पाय मोजला. तपकिरी चामड्याची, टाचेमागे पट्टा असलेली वहाण. हरिश्चंद्राने जोड हातात घेतला, उलटा केला, शिवणीवरून अंगठा फिरवला. त्याला तो आवडला होता, हे यशोदाला दिसलं. "बरे झाले," तो म्हणाला आणि गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकला. कुणी विचारलं खंयसून आणलंस, तर काय सांगणार?

नोकरी लागली गोव्यातल्या एका औद्योगिक वसाहतीत, बुटांच्या कारखान्यात. आठवडाभरात देवळाच्या पारावर हरिश्चंद्राला कुणीतरी मुलाबद्दल विचारलंच, झील खंय आसता म्हणून.

"गोव्याक. औषधाच्या कंपनीत."

नाव हरिश्चंद्र, आणि एरवी खोटं बोलण्याची वेळच त्याच्यावर फारशी येत नसे. त्यामुळे बोलला ते असं ठाम बोलला की गावाने तिथल्या तिथे मानलं.

पण खोटं एकदा घरात घेतलं की त्याला रोज जेवायला घालावं लागतं. प्रीतम सुट्टीला आला की दारात रांग. कुणाचं ब्लडप्रेशर, कुणाचा गुडघा, कुणाची सुनेला दिवस राहत नाहीत ही तक्रार. कंपनीतून गोळ्या आणायला यांना काय पडतंय! बिचारा गोव्यातल्या मेडिकलमधून पदरमोड करून गोळ्या आणी आणि कंपनीच्या म्हणून वाटी. एकदा तर इन्सुलीच्या नाक्यावर पोलीस एसटीत चढले. गोव्याहून येणाऱ्या पिशव्यांत बाटल्या शोधणं हे त्यांचं रोजचंच काम. प्रीतमच्या पिशवीतून बाटली निघाली नाही, पाय निघाला. कारखान्यात टाकून दिलेला एक फर्मा त्याने हौसेने मागून आणला होता. शेजारच्या सीटवर नेमकी गावची रुक्मिणीकाकी.

"हे काय आहे?" पोलिसाने विचारलं.

प्रीतमने काकीकडे पाहिलं. "नकली पाय, साहेब. आमची कंपनी गरिबांना वाटते."

पोलिसाने पाय आदराने पिशवीत परत ठेवला. प्रीतम घरी पोचण्याआधी बातमी गावात पोचली, आणि दुसऱ्या दिवशी वरच्या वाडीतला एक लंगडा म्हातारा काठी टेकत येऊन पडवीत बसला. माका एक मेळात काय रे, असं तो पुन्हा पुन्हा विचारत होता. प्रीतम मागच्या दाराने काजूत निघून गेला आणि म्हातारा उठेपर्यंत आला नाही.

कारखान्यात कोर्स केलेल्यालाही पहिली जागा मिळते ती पेस्टिंगच्या टेबलावर. डब्यात ब्रश बुडवायचा, तळाला चिकटवायचं सोल्युशन लावायचं, बुटाला लावायचं, वाळू द्यायचं, दाबायचं. तिथून पुढे लाइनवर, मग लाइनचा सुपरवायझर, आणि ज्याच्या हातात काही आहे त्याला सँपल रूम. नवा बूट पहिल्यांदा तिथे कागदावर उतरतो आणि तिथेच पहिल्यांदा उभा राहतो. प्रीतमचा सगळा जीव त्या खोलीत होता. जेवणाच्या सुट्टीत तो तिच्या काचेपाशी डबा खायचा. मॅनेजरला त्याचा हात ठाऊक होता. "तुला तिकडे घेणारच आहे," ते म्हणत. "हा सीझन जाऊ दे." शाळेच्या बुटांचा सीझन गेला की दिवाळीचा येई, तो गेला की आणखी कसला तरी. प्रीतम पेस्टिंगवरच राहिला, कारण पेस्टिंग इतकं स्वच्छ करणारा दुसरा कुणी नव्हता.

पावसाळ्यात फार वाईट. दमट हवेत सोल्युशन धरत नाही, चिकटलेला तळ तोंड उघडतो. म्हणून खिडक्या बंद, पंखे बंद, आणि वाळवायला हीटर चालू. सुरुवातीला प्रीतमला उलट्या झाल्या. पुढे डोकं जड राहू लागलं, आणि मग वास येईनासा झाला. वास येईनासा झाला म्हणजे माणूस तयार झाला, असं तिथे म्हणत. तोंडाला बांधायला एक फडकं मिळे.

एके दिवशी संध्याकाळी तो खोलीवर पोचला तेव्हा एका पायात चप्पल नव्हती. रस्त्यात कुठे निसटली ते त्याला कळलंच नव्हतं. खोलीतली मुलं पोट धरधरून हसली. "आज लवकर बसलास वाटतं?" प्रीतमही हसला. तो दारूच्या वाऱ्यालाही उभा राहत नसे, हे त्या मुलांनाही माहीत होतं.

मग बोटांना मुंग्या येऊ लागल्या. मग मुंग्या गेल्या आणि तळव्याखाली सतत कापूस असल्यासारखं वाटू लागलं. गावी आला असताना पायरीला ठेच लागली. यशोदाने जमिनीवरचं रक्त दाखवल्यावर त्याने पायाकडे पाहिलं. पेस्टिंगवरचा एक बिहारी मुलगा आदल्या वर्षी असाच पाय ओढत गावी गेला होता, तो परत आलाच नाही. प्रीतमच्या मनात पाल चुकचुकली. पण सँपल रूमची खुर्ची आता खरंच रिकामी होणार होती, आणि घरात त्याचं लग्न ठरलं होतं.

मुलगी तारकर्लीची, दिव्या. तिचा बाप गंगाराम. किनाऱ्याला माडांची बाग आणि बागेत पर्यटकांसाठी बांधलेल्या खोल्या. साखरपुडा झाला, तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त निघाला. स्थळ सांगताना मध्यस्थाने औषधाची कंपनी सांगितली होती आणि हरिश्चंद्राने ती दुरुस्त केली नव्हती. गंगाराम भला माणूस. जावयाच्या पायाचं कानावर आलं तसा तो स्वतःची गाडी घेऊन आंबेखोलात हजर झाला. "चला, कणकवलीक माज्या वळखीचो डॉक्टर आसा," म्हणाला. बाप-लेकांना गाडीत घालून घेऊन गेला आणि त्यांच्याबरोबर आत केबिनमध्येही जाऊन बसला. आपलेपणाने. माणसं कधी कधी आपलेपणाने कशी आडवी येतात ते त्यांनाही कळत नाही.

डॉक्टरांनी पायाला टाचणी लावून पाहिली, गुडघ्यावर हातोडी मारली. गुडघा हलला नाही.

"काम काय करता?"

प्रीतमने तोंड उघडलं. एका बाजूला बाप, दुसऱ्या बाजूला होणारा सासरा.

"औषधाच्या कंपनीत आहे," हरिश्चंद्र म्हणाला. "पॅकिंगला."

"कुठलं रसायन हाताळता? रंग, थिनर, चिकटवायचं काही, फवारणीचं औषध?"

याहून नेमका प्रश्न डॉक्टरांनी काय विचारायचा? प्रीतमने बापाकडे पाहिलं. बाप मांडीवरच्या टोपीकडे बघत होता. त्या क्षणी कुणीतरी दोघांना धरून गदागदा हलवायला हवं होतं.

"नाही," प्रीतम म्हणाला.

"दारू?"

"नाही."

गोव्यात राहणाऱ्या तरुणाचं हे 'नाही' डॉक्टरांनी अर्धंच मानलं. ताकदीची इंजेक्शनं लिहून दिली, पुन्हा यायला सांगितलं. परतताना गंगारामने वाटेत गाडी थांबवून दोघांना चहा-भजी खिलवली. प्रीतमच्या हातातली भजी दोनदा पडली.

घरी आल्यावर तो बापाला म्हणाला, "बाबा, सांगूक होया होता."

"लगीन होवंदे," हरिश्चंद्र म्हणाला. "मगे मी सवता जावन सांगतंय. तुझ्या पायाशपथ."

असली शपथ बापाने घ्यावी, आणि मुलाने ती ऐकून सोमवारच्या गाडीने पुन्हा पेस्टिंगवर जावं! पण तो गेला. दोन्ही गोष्टी त्याला हव्या होत्या, ती खुर्ची आणि ती मुलगी, आणि दोन्हींचा रस्ता त्याच टेबलावरून जात होता.

इंजेक्शनांनी काही झालं नाही तेव्हा गाऱ्हाणं घालायचं ठरलं. घरातलं संकट या भागात आधी देवाच्या कानावर घालतात. गावकर देवासमोर उभा राहून ते मोठ्याने सांगतो आणि जमलेला गाव प्रत्येक वाक्याला होकार भरतो. परशुराम गावकराने रवळनाथापुढे नारळ धरला. प्रीतम खांबाला धरून उभा होता.

"बा रवळनाथा म्हाराजा! आज ह्यो हरिश्चंद्र आपल्या झिलाक घेवन तुझ्या पायाकडे इलेलो आसा!"

"व्हय म्हाराजा!"

"झील तेचो गोव्याक औषधाच्या कंपनीत इमानान काम करता!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणी वाकड्या नजरेन बघलेला आसात, कोणाची बाधा आसात, ती दूर कर आणि तेचे पाय पयल्यासारखे कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

औषधाच्या कंपनीला साऱ्या गावाने देवासमोर होकार भरला. हरिश्चंद्रानेही भरला, सवयीने. आपण कशाला होकार भरला ते मागून त्याच्या लक्षात आलं.

दसऱ्याच्या आधी कारखान्याच्या जिन्यावर प्रीतमचे पाय मुडपले. तो बसला तो उठेना. ब्रश तर आधीपासूनच बोटांतून गळत होता. खोलीतल्या मुलांनी त्याला उचलून गोव्याच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथे त्याच्या खाटेशी ना बाप होता ना सासरा. एक तरुण डॉक्टरीण आली, तिने तोच प्रश्न विचारला, आणि प्रीतमने एका दमात सगळं सांगितलं. टेबल, डबा, बंद खिडक्या, निसटलेली चप्पल, बिहारी मुलगा. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याने कुणाला आपलं काम मोठ्याने सांगितलं होतं. त्याला अगदी मोकळं वाटलं.

हरिश्चंद्र दुसऱ्या दिवशी पोचला तेव्हा ती मोठ्या डॉक्टरांना घेऊन आली होती. त्या सोल्युशनच्या वाफेने नसा मरतात, डॉक्टरांनी समजावलं. आधी पायाच्या, मग हाताच्या. उपाय एकच, त्या वाफेतून बाहेर पडणं.

"बरा होईन ना?" प्रीतमने विचारलं.

"पहिल्यांदा चप्पल निसटली तेव्हाच काम सोडलं असतंत तर बहुतेक पूर्ण बरे झाला असतात. आता सांगता येत नाही. हातांना थोडा फरक पडेल. पायांचं..." डॉक्टरांनी कागद चाळले. "आधी कुणाला दाखवलं नव्हतं?"

"दाखवलं होतं."

"मग त्यांनी कामाचं विचारलं नाही?"

शहरातल्या डॉक्टरांशी हरिश्चंद्र नेहमी पुस्तकातलं मराठी जपून बोलायचा. त्या दिवशी ते त्याला सुचलं नाही.

"इचारलेल्यानी," तो म्हणाला. "मीच सांगूक नाय."

कारखान्याने हात वर केले. घरचंच दुखणं होतं म्हणाले, आणि सँपल रूममध्ये दुसरा मुलगा बसवला.

लग्न मोडलं ते गंगाराम स्वतः येऊन सांगून गेला. त्याला तोवर सगळं कळलं होतं. यशोदाने पुढे केलेलं पाणी तो प्यायला आणि पडवीत बसला. "हरिश्चंद्रा, माका आधी सांगलं आसतंस!" तो म्हणाला. "अरे, मी पर्यटकांचे संडास धुतंय. माका जोड्यांचो काय इटाळ? माझ्या चेडवाक, दिव्याक, सवताच्या पायावर उभो रवणारो घोव होयो होतो. इतक्याच." तो तडकून बोलला असता तर हरिश्चंद्राला सोसलं असतं. पण गंगाराम जाताना प्रीतमच्या डोक्यावरून हात फिरवून गेला, आणि यशोदा चुलीपाशी तोंडात पदर कोंबून रडली.

प्रीतम पडवीत बसून राहू लागला. हातांत थोडा जीव आला, बक्कल लावण्याइतका नाही. पावलं खाली लोंबत. इस्पितळाने पोटरीला बांधायची प्लॅस्टिकची पट्टी दिली होती आणि टाचेला पट्टा असलेली वहाणच घालायला सांगितलं होतं. येणारा-जाणारा पायात काय घालून आलाय ते तो बघत बसे. कुणाची टाच बाहेरून झिजते, कुणाचा तळ लवकरच सुटणार. तेवढं त्याला अजून दिसत होतं.

वर्षाच्या गाऱ्हाण्याला गाव जमला तेव्हा हरिश्चंद्राने माळ्यावरचं गोणपाट काढलं. इतके पावसाळे आत राहून चामड्यावर बुरशी धरली होती. त्याने खोबरेल तेलाने जोड पुसला, डाग काही गेले नाहीत, आणि तोच घालून, प्रीतमच्या काखेत हात घालून तो देवळापर्यंत चालत गेला. परशुराम गावकराला त्याने बाजूला घेतलं.

"या वक्ताक नीट घाल. काय काम करी ता सांग."

"देवाफुडे जोड्या-चपलांचा नाव कित्याक रे? कंपनीत म्हणतंय. देवाक समाजता." आणि परशुरामने नारळ धरला. "बा रवळनाथा म्हाराजा! हरिश्चंद्राचो झील कंपनीत कामाक होतो..."

"चपलांच्या कारखान्यात!" हरिश्चंद्र ओरडला. गाऱ्हाण्यात मध्ये कुणी बोलत नाही. "माजो झील चपलांच्या कारखान्यात होतो, म्हाराजा. जोडे करी. बरे करी. थंयच्या वाफेन तेचे पाय गेले, आणि मी डॉक्टराक खोटा सांगलंय. तुकाय खोटाच सांगलंय."

कुणी होकार भरला नाही. परशुराम नारळ धरून तसाच उभा राहिला. पुढचे लोक मागे बघू लागले, मागचे खाली. प्रीतमने बापाचा दंड घट्ट धरला होता, आपल्याकडून घट्ट. हरिश्चंद्राला ती पकड जेमतेम जाणवत होती. मग दारापासून, चर्मकारवाडीची माणसं उभी राहतात तिथून, धोंडूचा म्हातारा आवाज आला.

"व्हय म्हाराजा!"

त्याच्यामागून दोन-चार आवाज ओढूनताणून आले. परशुरामने घाईघाईने पुढचं म्हणून टाकलं आणि नारळ फोडला.

बाहेर पायऱ्यांखाली साऱ्या गावाच्या चपलांचा ढीग पडला होता. प्रीतम पायरीवर बसला. हरिश्चंद्राने ढिगातून त्याची वहाण शोधून काढली, त्याच्यासमोर मातीत गुडघे टेकले, त्याचं पाऊल हातात घेऊन आत सरकवलं आणि मागचा पट्टा ओढला. माणसं दोन्ही बाजूंनी उतरत होती. काही थांबून बघत होती. हरिश्चंद्राने मान वर केली नाही.

"घट्ट झालो काय रे? चावता?"

प्रीतम पायाकडे बघत राहिला.

"कळना नाय, बाबा. टाचेमागे बोट घालून बघा. एक जावक होया."

हरिश्चंद्राने बोट घातलं. ते जाईना. त्याने बक्कल काढून पट्टा सैल केला आणि पुन्हा घातलं. या वेळी गेलं, पण बाहेर काढलं तेव्हा ओलं होतं. त्याने वहाण उतरवून पाहिली. टाचेवर मोठी जखम पडली होती, चिघळलेली. ती कधीची, ते दोघांनाही माहीत नव्हतं.